छंद बंद नको, खिडकी उघडा

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान, रणगाडा किंवा जहाज तयार करण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. खोके कुरिअरने घरपोच येते आणि तालुक्याच्या गावातला दहावीचा मुलगाही परीक्षा संपली की टेबल मांडून बसतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर त्याला एक जास्तीचे निमित्त आहे. ओझरच्या कारखान्यात मिग-२१ ही लढाऊ विमाने तयार झाली. १९६४ साली तो कारखाना उभा राहिला तोच मुळी या विमानासाठी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. ज्या घरातल्या आजोबांनी त्या विमानाचे रिव्हेट ठोकले, त्या घरातल्या नातवाला ते आता शोकेसमध्ये हवेसे वाटले तर नवल नाही. बहात्तर पटींनी लहान केलेले हे विमान जेमतेम वीतभर भरते.

आरोग्याच्या सदरात विमान कशाला, असे वाचक विचारतील. कारण या छंदाची तक्रार घेऊन पालक दवाखान्यात येऊ लागले आहेत. तक्रार बहुतेक एकाच ठशाची असते. "डॉक्टर, हा रात्री दार लावून बसतो, खोलीत रॉकेलसारखा वास भरून राहतो, सकाळी डोके दुखते म्हणतो. हे सगळे सामान एकदाचे माळ्यावर टाकून देऊ का?" मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. त्याच्या बोटांवर तपकिरी रंगाचे डाग असतात.

माझे मत स्पष्ट आहे. सामान माळ्यावर टाकू नका. तास-दोन तास मोबाईलला हात न लावता, श्वास रोखून एक रेष नीट उतरवणारा मुलगा हल्ली शोधून सापडत नाही. त्याच्या हाताला वळण लागते, धीर अंगी येतो, आणि फसलेले काम पुन्हा करण्याची सवय लागते. मात्र त्या खोलीचे दार आणि खिडकी यांच्याविषयी मला बरेच काही सांगायचे आहे. त्यासाठी हा वास नेमका येतो कोठून, हे पालकांनी आधी समजून घ्यावे. मुलाला रागावण्यापूर्वी त्याच्या शेजारी अर्धा तास बसावे, हे उत्तम.

खरे विमान पत्र्याचे तुकडे जोडून बनते. दोन पत्र्यांमधल्या सांध्यात तेल, धूळ, काजळी साचते आणि त्या जागी काळसर रेघ दिसू लागते. लहान प्रतिकृतीवर हे सांधे केसासारख्या बारीक खाचांनी कोरलेले असतात. नुसता करडा रंग मारला की त्या खाचा दिसेनाशा होतात आणि विमान खेळण्यासारखे दिसते. म्हणून मुले एक पातळ रंग तयार करतात. त्याला ती 'वॉश' म्हणतात. गडद तपकिरी किंवा काळपट करडा तैलरंग अथवा एनॅमल घ्यायचा आणि तो थिनरमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करायचा. बारीक कुंचल्याचे टोक खाचेला नुसते टेकवले की रंग आपोआप खाचेतून पुढे धावत जातो. समईची वात तेल वर ओढते, तोच हा केशाकर्षणाचा नियम. शाळेत जो धडा डोक्यावरून गेला तो येथे डोळ्यांसमोर घडतो. रंग सुकत आला की थिनरमध्ये ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने वरचा जादा रंग पुसायचा, तोही विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे, म्हणजे वारा वाहतो त्या दिशेने. खाचेतला रंग तेवढा मागे राहतो. त्याआधी चकचकीत वार्निशचा हात दिलेला असला तर रंग भलतीकडे मुरत नाही. करड्या विमानावर शुद्ध काळा रंग भरणाऱ्या मुलाचे विमान शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखे दिसते, हे माझे खासगी मत.

आता हिशेब करा. वीतभर विमानाच्या सगळ्या खाचा भरायला चमचाभरसुद्धा रंग लागत नाही. मग खोलीभर वास कशाचा? तो वास टेबलावर उघड्या ठेवलेल्या थिनरच्या वाटीचा असतो. दुसरा वास कचऱ्याच्या टोपलीतला. पुसून टाकलेल्या वीस-पंचवीस काड्या तेथे रात्रभर वाफ सोडत पडलेल्या असतात. म्हणजे त्रास होतो तो प्रत्यक्ष कामाने कमी आणि पसाऱ्याने जास्त. एवढे ध्यानात आले तरी निम्मे काम झाले. थिनर झाकणाच्या लहान बाटलीत ठेवावा आणि लागेल तेवढेच थेंब काढावेत. वापरलेल्या काड्या झाकणाच्या डब्यात टाकून तो डबा काम संपताच घराबाहेर न्यावा. डोकेदुखीच्या गोळीपेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

ही वाफ शरीरात गेल्यावर काय करते? थिनरमधील हायड्रोकार्बने श्वासावाटे फुफ्फुसात, तेथून रक्तात आणि रक्तातून मेंदूकडे जातात. चरबीत विरघळणे हा त्यांचा गुण आहे आणि मेंदूत चरबी भरपूर. म्हणून आधी डोके जड होते, मग गरगरते, मळमळते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. मोकळ्या हवेत आल्यावर थोड्या वेळात बरे वाटते. अशी डोकेदुखी म्हणजे शरीराने दिलेली सूचना समजावी आणि त्या दिवशीचे काम तेथेच थांबवावे. दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री ज्या खोलीत झोपते, त्या खोलीत हे काम मुळीच करू नये. येथे मी तडजोड मानत नाही.

आपल्या घरांची एक अडचण परदेशी छापील सूचनांत नसते. आपल्याकडे ज्या खोलीत अभ्यास, त्याच खोलीत छंद, आणि रात्री त्याच फरशीवर गाद्या पडतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. वारा नसलेल्या खोलीत ती खाली रेंगाळते, म्हणजे टेबलावर काम करणाऱ्या थोरल्यापेक्षा खाली गादीवर झोपलेल्या धाकट्याच्या नाकाशी ती जवळ. काम संध्याकाळी उजेड असतानाच करावे आणि गाद्या घालण्यापूर्वी खोलीला दोन तास तरी वारा लागू द्यावा. टेबल खिडकीला लावावे. टेबलफॅन असला तर तो खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवावा. छताचा पंखा तीच हवा घुसळत बसतो आणि भिंतीवरचा एसी खोलीतली हवा फक्त गार करून परत देतो.

"आता वास येत नाही, म्हणजे हवा शुद्ध झाली," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर स्वतंत्र लेख लिहावा. आपले नाक काही मिनिटांत कोणत्याही वासाला सरावते. मासळी बाजारात बसणाऱ्याला मासळीचा वास येत नाही, तसेच हे. खोलीत बसलेल्याचे नाक साक्षीदार म्हणून निरुपयोगी. बाहेरून आत येणाऱ्या आईचे नाक खरे. 'गंधहीन' असे लिहिलेल्या थिनरबाबतही हीच फसगत होते. त्यातून तीव्र वासाचे आणि जास्त त्रासदायक असे सुगंधी गटातले घटक बरेचसे काढलेले असतात, हे खरे आणि चांगलेही. पण उडून जाण्याचा गुण काही गेलेला नसतो. वास कमी आला म्हणून माणूस खिडकी लावून घेतो आणि मिळवलेले गमावतो.

थिनर हा शब्द तर फारच ढिला आहे. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाईन मागितले की बहुधा मिनरल टर्पेंटाईन मिळते. ते पेट्रोलियमपासून बनते. खरे टर्पेंटाईन हिमालयातल्या चीड वृक्षाच्या डिंकापासून काढतात. ते नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, असे मात्र नाही. जुन्या, हवा लागलेल्या टर्पेंटाईनने हाताला इसब उठण्याची प्रवृत्ती असते आणि एकदा ती ॲलर्जी जडली की थोड्याशा स्पर्शानेही त्वचा पेटते. तिसरा प्रकार गॅरेजवाल्यांचा एन. सी. थिनर. त्यात टोल्युइन असते, ॲसिटोन असते, काही वेळा मेथॅनॉलही असते. मुलांच्या टेबलावर याला जागाच नाही. तो मेंदूला वाईट आणि विमानालाही, कारण या किटचे पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. आरोग्याचा उपदेश न ऐकणारा मुलगा विरघळलेला पंख पाहून मात्र लगेच ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉशही मिळतात. शाळकरी मुलांनी सुरुवात त्यांनीच करावी, असे माझे मत. ते लवकर सुकतात, पुसायला अवघड जातात, रेष तेलाच्या रंगाइतकी सुरेख उतरत नाही, अशी मुलांची कुरकुर असते आणि ती खरी आहे. पण बारा वर्षांच्या मुलाच्या विमानाची रेष थोडी जाड आली तर हवाई दलाचे काही बिघडत नाही.

२०२० च्या कोरोनानंतर घरोघरी एन-९५ मास्क पडून आहेत. मुले तो लावून बसतात आणि पालक निर्धास्त होतात. हा मास्क कण अडवतो. कानस मारताना उडणारी प्लॅस्टिकची भुकटी, फवाऱ्याच्या रंगाचे तुषार यांसाठी तो उपयोगी आहे. थिनरची वाफ त्यातून खुशाल आरपार जाते. वाफ अडवायला सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. चार थेंबांच्या वॉशसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा खिडकी उघडणे सोपे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हा छंद सर्वात जोरात असतो. मालेगावकडचा मे महिना आठवा. पारा चाळिशीच्या वर जातो. मिनरल टर्पेंटाईनच्या जातीच्या बहुतेक थिनरांची वाफ ३० ते ५० अंशांच्या दरम्यान ठिणगी लागताच पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ती पेटण्याच्या बेतात असते. देवघरातली निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, काकांची विडी यांपैकी काहीही त्या टेबलाच्या आसपास नको. तैलरंग पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडते. चिंध्या पसरून बाहेर सुकवाव्यात.

आता दोन गोष्टींसाठी जास्त जागा घेतो, कारण त्या खरोखर घातक आहेत.

पहिली कुंचल्याची. केसाएवढ्या खाचेसाठी टोक अणकुचीदार हवे, म्हणून मुले कुंचला ओठात धरून वळवतात. शिंपी सुईत ओवताना दोरा ओला करतो तसे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी १९१७ च्या सुमारास घड्याळाच्या तबकडीवर रात्री चमकणारे आकडे रंगवण्याचा कारखाना सुरू झाला. कामाला तरुण मुली होत्या आणि कुंचल्याचे टोक ओठांनी करण्याची पद्धत त्यांना शिकवली होती. रंगात रेडियम होते. पुढे त्यांतल्या कित्येकींचे जबडे सडले, हाडे ठिसूळ झाली, अनेकींचा जीव गेला. पाच जणींनी खटला भरला. १९२८ साली तडजोड झाली, तोवर वेळ निघून गेली होती. मुलांच्या रंगात रेडियम नसते, हे उघड आहे. पण तैलरंगाच्या नळ्यांत कॅडमियम, कोबाल्ट यांची संयुगे असू शकतात, जुन्या पांढऱ्यात शिसे असते आणि वॉशसाठी सर्वात आवडीच्या अंबर या तपकिरी रंगात मँगेनीज असते. शिशाबाबत आपल्याकडे नियम आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. मात्र तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, चित्रकाराच्या नळीवर विसंबू नये. टोक ओल्या फडक्यावर वळवूनही तितकेच छान होते. टेबलावर चहा, चिवडा ठेवू नये आणि उठताना साबणाने हात धुवावेत. हात थिनरने धुण्याची सवय मात्र वाईट, ती त्वचेचे तेल काढून घेते.

दुसरी गोष्ट बाटलीची. मोठ्या डब्यातला थिनर पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायचा, ही आपली घरोघरची रीत. रॉकेलच्या काळापासून ती चालत आली आहे आणि त्या काळापासून बालरोगतज्ज्ञांना तिची धास्ती आहे. दोन-तीन वर्षांचे मूल बाटली दिसली की तोंडाला लावते. घोट जळजळतो, ठसका लागतो, आणि त्या ठसक्यासरशी थिनर श्वासनळीत उतरतो. पोटात गेलेल्या घोटापेक्षा फुफ्फुसात उतरलेला थोडासा अंश अधिक घात करतो. त्याने फुफ्फुसाला रासायनिक सूज येते, पुढे न्यूमोनियासारखी अवस्था होते.

अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला धावतात. कृपा करून असे करू नका. घशात बोटे घालू नका. उलटी होताना थिनर पुन्हा वर येतो आणि त्याला फुफ्फुसात शिरण्याची आणखी एक संधी मिळते. दूध, तूप, लिंबू काहीही पाजू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि मूल हसत-खेळत असले तरी १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते, म्हणून तेवढा वेळ मुलाला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे लागते. बाटली बरोबर आणा, आतले रसायन कोणते हे त्यावरून कळते. डोळ्यात थेंब उडाला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, तोवर फोनाफोनी करू नये. आणि मुळात थिनर मूळ डब्यातच, कुलपात, ठळक अक्षरांत 'विष' लिहून ठेवावा. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी कुलूप, असलेल्यासाठी अक्षरे.

काही पालकांच्या मनात वेगळीच शंका असते, ती ते मुलाला बाहेर बसवून दबक्या आवाजात बोलून दाखवतात. हा नशेसाठी तर वास घेत नाही ना? शंका अस्थानी नाही. थिनर हुंगण्याचे व्यसन आहे आणि त्यात हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळीही अचानक मृत्यू येऊ शकतो. पण फरक ओळखता येतो. छंद असलेल्याची बाटली महिनोन्महिने पुरते आणि टेबलावर विमान पुढे सरकलेले दिसते. बाटल्या भराभर संपत असतील, विमान तेथेच असेल, रुमालाला वास येत असेल, तोंडाभोवती पुरळ असेल, बोलणे अडखळत असेल, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांकडे या. यातले काही नसताना केवळ वासावरून मुलावर आळ घेऊ नये. आळ घेतला की तो दार अधिक घट्ट लावतो, आणि आपल्याला तर दार उघडे हवे आहे.

१९७० च्या दशकात डेन्मार्क आणि शेजारच्या देशांत रंगाऱ्यांच्या आजाराचा अभ्यास झाला. वर्षानुवर्षे रोज थिनरच्या वाफेत काम केलेल्यांची स्मरणशक्ती मंदावते, स्वभाव चिडचिडा होतो, लक्ष लागत नाही, असे दिसून आले. हे वाचून छंद असलेल्या मुलाच्या आईने घाबरू नये. आठवड्यातून दोन संध्याकाळी चार थेंब आणि रोज आठ तास वाफ यांची तुलना होत नाही. मला घोर लागतो तो दुसऱ्याच मुलाचा. हायवेच्या गॅरेजात सोळा-सतरा वर्षांचा पोरगा एन. सी. थिनरच्या पत्र्याच्या डब्यात उघडे हात बुडवून स्प्रेगन धुतो. त्याला दिवसभर डोके दुखते, आणि त्याच्यासाठी विचारायला कोणी येत नाही. वय तेच, रसायन कैकपटींनी वाईट. गाडी रंगवून घ्यायला जाल तेव्हा मालकाला एवढे विचारा की याला हातमोजे आहेत का आणि फवाऱ्याचे काम बंद शेडमध्ये तर चालत नाही ना. गिऱ्हाईकाने विचारलेले मालकाला लागते, डॉक्टरने सांगितलेले नाही.

डोळ्यांचे थोडक्यात. बारीक काम करताना माणूस पापणी मिटायला विसरतो, डोळे कोरडे पडतात, त्यात वाफेची चुरचुर. दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब बघावे. दिवा डाव्या बाजूने, सावली रेषेवर न पडेल असा हवा. डावखुऱ्यांनी उजव्या बाजूने. मुलांच्या चष्म्याचा नंबर लागू नये म्हणून रोज उन्हाच्या उजेडात बाहेर खेळणे हा आजवर हाती आलेला चांगला उपाय आहे, तेव्हा विमानामुळे क्रिकेट सुटता कामा नये.

हा छंद मुलांचाच आहे असेही नाही. निवृत्त झालेले, पन्नाशी-साठीचे बरेच जण आता यात आहेत. त्यांची तक्रार अशी की नवा चाळिशीचा चष्मा करूनही खाच दिसत नाही. त्यात चष्म्याचा दोष नसतो. वाचनाचा चष्मा साधारण चाळीस सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो आणि विमान धरले जाते वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. पुढच्या वेळी नंबर काढायला जाताना टेबलाशी नेहमीसारखे बसून नाकापासून विमानापर्यंतचे अंतर घरच्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हातात द्यावा.